नेट दिवाणखान्यात, काम माजघरात

घरी इंटरनेट घेतलं की ते घरभर आलं, असं आपण धरून चालतो. जोडणी करायला येणारा मुलगाही हा समज मोडण्याच्या भानगडीत पडत नाही. बिचाऱ्याला त्या दिवशी आणखी चार घरं करायची असतात. तो खिडकीच्या कोपऱ्यातून तार आत घेतो, टीव्हीजवळ जिथं प्लग मोकळा दिसेल तिथं राउटरची पेटी टांगतो, “काकू, चालू झालं बघा,” म्हणतो आणि जिना उतरतो. दिवाणखान्यात सारं झकास चालतं. यजमानांची मॅच अडत नाही, मुलांचे व्हिडिओ अडत नाहीत. आणि आपण ओट्यावर फोन उभा करून, कणीक मळता मळता आईशी दोन शब्द बोलायला जावं, तर आईचा चेहरा वड्या पाडल्यासारखा चौकोनी-चौकोनी होतो, “हॅलो, ऐकू येतंय का गं?” एवढ्यातच कणीक मळून होते!

तक्रार केली तर उत्तर ठरलेलं. “इथं तर छान चालतंय. तूच इकडे येऊन बस ना!”

येऊन बसायला हरकत नाही, पण गॅसवरची आमटी कोणी बघायची? शिवाय हा प्रश्न आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर कितीतरी जणींची मिळकत घरातल्या या नेटवर चालू लागली आहे. कोणी शिकवण्या घेतं, कोणी व्हिडिओवरून साड्या दाखवून विकतं, कोणी पुण्याच्या ऑफिसचं काम तालुक्याच्या गावी बसून करतं. पुढच्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे, त्यामुळे यांच्या वाट्याला बहुधा मागची खोली येते. म्हणजे जिच्या पोटापाण्याला नेट हवं ती मागे, आणि नेटची पेटी पुढे.

माझ्या ओळखीच्या एक बाई साताऱ्यात राहतात. दुमजली रो-हाउस. संध्याकाळी सहा ते आठ त्या सातवी-आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. खोली वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला. राउटर खाली, दर्शनी खोलीत. समीकरण सोडवता सोडवता चित्र थिजायचं आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, “टीचर, आवाज येत नाही!” दोन पालकांनी मुलं काढून घेतली. तेव्हा कुठे यजमानांनी हजार-अकराशे रुपयांचा एक एक्स्टेंडर आणला आणि मोठ्या कौतुकानं अगदी बाईंच्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये बसवला. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसू लागल्या. शिकवणी मात्र पूर्वीसारखीच अडखळत राहिली. “रेघा तर भरल्यात, आता तुझ्या लॅपटॉपमध्येच काहीतरी खोट असणार,” असा निकाल लागला आणि ते यंत्र नवरात्राच्या आवराआवरीत माळ्यावर गेलं.

यंत्रात काही खोट नव्हती. ते लावलं होतं भलत्या जागी.

एक्स्टेंडर म्हणजे पंगतीतला वाढपी

एक्स्टेंडर, ज्याला काही दुकानदार ‘रिपीटर’ किंवा ‘बूस्टर’ म्हणतात, तो स्वतः नेट तयार करत नाही. राउटरकडून हवेतून जे मिळतं, तेच तो पुढे देतो. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याकडून बादली भरून घेऊन टोकाच्या पानापर्यंत नेणारा वाढपी असतो ना, तसा. आता हा वाढपी आचाऱ्याजवळ न जाता टोकाच्या पानापाशीच उभा राहिला, तर तो वाढणार काय? त्याच्या हातात बादली आहे एवढं पाहुण्यांना दिसेल. बादलीत काही नाही हे दिसणार नाही. फोनवरच्या त्या भरलेल्या रेघा म्हणजे एक्स्टेंडर आपल्या किती जवळ आहे याची खूण. त्याच्यापर्यंत राउटरकडून किती पोचतंय, हे त्या सांगत नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून एक्स्टेंडर नेट नसलेल्या खोलीत लावायचा नसतो. जिथं राउटरचं नेट अजून चांगलं मिळतं आणि जिथून पुढची अडचणीची खोली जवळ पडते, अशा मधल्या ठिकाणी तो लावायचा. बोळ, जिन्याचं वळण, देवघराबाहेरची भिंत, अशा जागा. साताऱ्याच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत तेच यंत्र माळ्यावरून खाली काढलं, पुसलं आणि जिन्याच्या वळणावर, इस्त्रीसाठी केलेल्या प्लगमध्ये लावलं. वरच्या खोलीतल्या रेघा एकीनं कमी झाल्या, पण शिकवणी सुरळीत चालू लागली!

वाढप्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकच वाढपी बादली भरून आणणार आणि तोच वाढणार, म्हणजे निम्मा वेळ जाण्यायेण्यातच जाणार. स्वस्तातल्या एक्स्टेंडरचं नेमकं हेच होतं. एकाच लहरीवर तो राउटरचं ऐकतो आणि त्याच लहरीवर आपल्याशी बोलतो. दोन्ही एकदम करता येत नाही. त्यामुळे त्याच्यापर्यंत चाळीसचा वेग पोचला तर आपल्या हाती जेमतेम वीस पडतो. तेवढा पुरतो का? पुष्कळदा पुरतो. समोरासमोर बोलण्याच्या व्हिडिओला दोन-तीन एमबीपीएसचा अखंड वेग असला तरी काम भागतं. अखंड मात्र हवा. मध्येच पन्नास आणि मध्येच शून्य, असल्या श्रीमंतीचा काही उपयोग नाही.

पैसे खर्च करण्याआधी

दुकानाची पायरी चढण्याआधी घरातल्या घरात एक चक्कर मारा. निम्म्या घरांचा प्रश्न राउटर हलवूनच सुटतो, असं माझं मत आहे.

राउटर कुठं आहे ते आधी बघा. टीव्हीच्या मागे? शोकेसच्या आत, कारण ‘ते लुकलुकणारं बरं दिसत नाही’? लोखंडी कपाटावर? लहरींना सर्वांत मोठा अडसर धातूचा. लोखंडी कपाट, फ्रीज, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी यांच्या आडोशाला लहरी पोचत नाहीत. मोठा आरसादेखील आडवा येतो, कारण काचेच्या मागे धातूचा पातळ लेप असतो. पाणी लहरी शोषून घेतं, तेव्हा माशांच्या टाकीमागेही राउटर नको. राउटर घराच्या मध्याच्या जवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. शोभेचं काय, असं सासूबाई म्हणतील. त्यावर क्रोशाचा रुमाल मात्र घालू नका, पेटी तापते.

राउटर आपल्या हातानं हलवताना एक जपा. फायबरची ती बारीक तार आतून काचेची असते. विजेच्या वायरसारखी ती खिळ्याभोवती गुंडाळता येत नाही, घडी घातली की मोडते, आणि घरी जोडताही येत नाही. तार पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाला बोलावून लांब करून घ्यावी. नवीन जोडणी घेत असाल तर त्या मुलाला पहिल्याच दिवशी मधल्या खोलीत चला म्हणावं. चहा झाल्यावर तो ऐकतो.

राउटरला काड्या असतील तर त्यांचंही एक शास्त्र आहे. उभ्या काडीतून लहरी मुख्यतः आडव्या, चहूबाजूंना पसरतात. वर-खाली कमी जातात. वरच्या मजल्यावर नेट हवं असेल तर एक काडी उभी ठेवून दुसरी आडवी करून बघा. फुकटचा उपाय आहे.

भिंतींचं मात्र आपल्या हाती काही नसतं. नव्या इमारतींतल्या विटांच्या पातळ भिंतीतून लहरी बऱ्यापैकी जातात. स्लॅबमध्ये आणि काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी सळयांचं जाळं असतं, तिथं त्या अडतात. वाईकडचे जुने वाडे किंवा सोलापूरकडची माळवदाची घरं यांच्या मातीच्या, दगडी भिंती दीड-दीड, दोन-दोन फूट जाडीच्या. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती वाय-फायला कोंडून घालतात. अशा घरात एका भिंतीपलीकडेही नेट दुबळं होतं आणि दोन भिंतींपलीकडे बहुधा काहीच उरत नाही.

एकाच घरात दोन नावं

फोनवर वाय-फायची यादी उघडली की आपल्या घराची बहुधा दोन नावं दिसतात. एक साधं, आणि एकाच्या शेपटीला ‘५जी’. मुलं सांगतात, “आई, ५जीच घे, ते फास्ट असतं.” अर्धं खरं आहे. पण हा मोबाइलचा ५जी नव्हे. इथं ५ म्हणजे पाच गिगाहर्ट्झची लहर, आणि साध्या नावाची लहर २.४ गिगाहर्ट्झची. पाचची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी. २.४ची सावकाश, पण लांब जाणारी. तेव्हा दिवाणखान्यात पाचची बरी. स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत साध्या नावाला जोडून बघा. कैक जणींचं काम एवढ्यावर भागतं आणि दुकानात जावंच लागत नाही.

२.४च्या लहरीला दोन शत्रू. एक आपल्याच ओट्यावर बसलेला असतो: मायक्रोवेव्ह. त्याच्या लहरी जवळपास त्याच पट्ट्यातल्या, त्यामुळे तो चालू असेतो शेजारचं नेट लंगडतं. तेवढी दोन मिनिटं आईला थांबवावं, किंवा भाजी गॅसवर गरम करावी. दुसरा शत्रू म्हणजे शेजारी! पूर्वी रेडिओला पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे, तसा या लहरींना लागत नाही. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक ब्लॉकची पेटी त्याच अरुंद पट्ट्यात बडबडते. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या ॲपमधून आपला मार्ग बदलता येतो. कॉलेजात जाणारं कोणी घरात असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवावं.

वहीत दोन आकडे

आता मोजमाप. फोनवर वेग मोजण्याची साधनं फुकट मिळतात. राउटरशेजारी उभं राहून मोजा, मग बोळात, मग मागच्या खोलीत; आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. दोन आकडे येतात: येणारा वेग आणि जाणारा वेग. सिनेमा बघणाऱ्याला येणारा पुरतो. शिकवणाऱ्या, साड्या दाखवणाऱ्या बाईला जाणारा वेग हवा, कारण चित्र तिच्याकडून जायचं असतं. सकाळी अकराला मोजून समाधान मानू नका. रात्री नऊला, घरात तिघं आणि इमारतीत सगळे नेटवर असतात, तेव्हा मोजा.

राउटरशेजारीच वेग रडका असेल तर दोष घराचा नाही, जोडणीचा आहे. तिथं एक्स्टेंडर घेणं म्हणजे गळक्या टाकीला आणखी एक नळ बसवणं. आधी कंपनीकडे तक्रार करावी. राउटरजवळ उत्तम, बोळात बरा आणि मागे शून्य, असं असेल तरच एक्स्टेंडर तुमच्या कामाचा.

खोक्यावरचे आकडे

दुकानात काचेमागे खोकी मांडलेली असतात आणि प्रत्येकावर मोठा आकडा. ३००, ७५०, १२००, १५००. साडीच्या किमतीच्या चिठ्ठीवर जसा छापील भाव असतो, तसाच हा; प्रत्यक्षात तेवढं मिळायचं नसतं. ३०० लिहिलेला म्हणजे बहुधा एकाच लहरीचा, २.४चा. १२०० म्हणजे २.४चे ३०० आणि पाचचे ८६७ अशी दोन लहरींची बेरीज करून गोल केलेला आकडा. कोणत्याही एका फोनला १२०० मिळत नाहीत, आणि घरातली जोडणीच शंभरची असेल तर प्रश्नच मिटला.

तरीही दोन लहरींचा, म्हणजे ‘ड्युअल बँड’ घ्यावा, असं मी सांगेन. दोनेक हजारांच्या आसपास बरा मिळतो. त्यात एका लहरीवर राउटरशी आणि दुसऱ्या लहरीवर आपल्याशी बोलण्याची सोय असते. एक वाढपी भरून आणतो, दुसरा वाढतो. मागच्या खोलीत नुसता फोनवर बोलण्याएवढा उपयोग असेल तर एका लहरीचा स्वस्तातला चालेल. रोजच्या शिकवणीला किंवा ऑफिसच्या कामाला तो घेऊ नये.

राउटर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा एक्स्टेंडर हवा असं नाही. दुसऱ्या कंपनीचाही सर्वसाधारणपणे चालतो. दुकानदार ‘यानं तीन मजले कव्हर होतात’ म्हणाला तर हसून सोडून द्यावं. आमच्याकडे एक शब्दही न बोलता एवढंच विचारतात: “दादा, घरी लावून बघितलं आणि जमलं नाही, तर परत घ्याल ना?” उत्तर येईपर्यंत पर्स उघडायची नाही.

तार ओढता आली तर

खरं सांगायचं तर एक्स्टेंडर ही तडजोड आहे. तार ओढणं शक्य असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल भिंतीच्या कडेनं, पट्टीखालून नेली आणि तिच्या टोकाला दुसरी पेटी बसवली, तर वेग निम्मा होत नाही, भिंती आडव्या येत नाहीत. ‘कॅट-६’ म्हणून केबल मागावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. वाड्याच्या जाड भिंती असतील तर मला हाच एक उपाय दिसतो. खिडकीच्या चौकटीतून तार जाते, भिंत फोडावी लागत नाही.

टोकाची ती पेटी विकतच घ्यावी असंही नाही. कंपनी बदलताना जुना, स्वतःच्या मालकीचा राउटर माळ्यावर पडलेला असतो. त्यातली ‘डीएचसीपी’ नावाची सोय बंद करायची, पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्यायचा आणि तार त्याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात घालायची, ‘वॅन’च्या नव्हे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं तर तासाभराचं काम आहे. जुन्या पातेल्याला कल्हई करून घेतल्यासारखंच ते.

तीन मजली बंगला असेल, घरभर फिरत बोलायची सवय असेल, तर ‘मेश’ नावाचा संच येतो. दोन-तीन सारख्या पेट्या, नाव एकच, आणि आपण खोली बदलली की फोन जवळच्या पेटीकडे बऱ्यापैकी बिनबोभाट जातो. साध्या एक्स्टेंडरमध्ये फोन जुन्याच पेटीला चिकटून बसतो. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं की सुटतो. मेशची किंमत मात्र एक्स्टेंडरच्या कितीतरी पट. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये तो घेणं म्हणजे चार माणसांना पंचवीस माणसांचा कुकर.

लावताना

नवा एक्स्टेंडर आधी राउटरच्याच खोलीत लावून जोडून घ्यावा, मग उचलून मधल्या जागी न्यावा. दोन्ही यंत्रांवर ‘डब्ल्यूपीएस’ बटण असेल तर राउटरचं दाबून दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं दाबलं की काम होतं. नसेल तर कंपनीचं ॲप वाट दाखवतं. पुष्कळ यंत्रांवर राउटर लांब पडला तर लाल आणि जागा बरी असली तर निळा किंवा हिरवा दिवा लागतो. लाल लागला की एक प्लग राउटरकडे सरकायचं. जागा फ्रीजमागे नको, आणि फोडणीचा धूर बसेल अशी ओट्याजवळही नको.

पासवर्ड राउटरचाच, पण तो शेजारपाजारी वाटण्यासारखा नसावा. वरच्या मजल्यावरची पोरं आपल्या नेटवर सिनेमे उतरवत असली तर कोणताही एक्स्टेंडर पुरणार नाही. यंत्राच्या ॲपचा कारखान्यातून आलेला पासवर्डही पहिल्या दिवशीच बदलावा.

वीज जाण्याचा विचार फार थोड्या जणी करतात. राउटरला आपण छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावतो. एक्स्टेंडर थेट भिंतीच्या प्लगात बसतो, त्याला तो यूपीएस चालत नाही. वीज गेली की राउटर जिवंत आणि मागची खोली अंधारात! इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवरचा प्लग निवडावा. विजेच्या बिलाची धास्ती मात्र नको. सहा वॅटचं यंत्र महिनाभर अखंड चाललं तरी सव्वाचार युनिटांच्या आसपासच जातात.

लावल्यावर वहीतलं जुनं पान उघडा आणि त्याच खोलीत, त्याच रात्री नऊच्या सुमाराला पुन्हा मोजा. आठवडाभर काम करून बघा. बिल जपून ठेवा, आणि ते खोकं पंधरा दिवस तरी रद्दीवाल्याला देऊ नका. परत करायला नेलं की दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो.